वाचक विचारतात : फळं खाणाऱ्या घोरपडी

मागच्या अंकात फिलिपिन्समधल्या फळं खाणाऱ्या घोरपडींवर चार ओळींचं टिपण छापलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की हा महिनाभराचा स्तंभ त्यांनाच द्यावा लागला. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : आमच्या कलमांच्या बागेत मे महिन्यात गळलेल्या आंब्यांपाशी घोरपड हमखास दिसते. म्हणजे आपलीही घोरपड फळं खाते ना? (राजापूर)

उत्तर : ती आंब्यासाठी येत नाही, आंब्यावर जे जमतं त्यासाठी येते. आंबा गळून दोन दिवस झाले की त्यात फळमाशीच्या अळ्या होतात, खाली भुंगेरे आणि गोगलगायी जमतात, रात्री उंदीर-घुशी येऊन जातात. पालापाचोळा नखांनी उकरत आणि जीभ आतबाहेर करत घोरपड याच गोष्टी शोधत असते. आपल्याकडची घोरपड, म्हणजे वॅरॅनस बेंगालेन्सिस, पूर्ण वाढल्यावरही मुख्यतः किड्यांवर जगते. शेणकिडे, भुंगेरे, नाकतोडे, खेकडे, पक्ष्यांची अंडी, उंदरांची पिल्लं आणि मेलेलं जनावर हा तिचा आहार. अळीबरोबर आंब्याचा गरही थोडा पोटात जात असेल, पण त्याला फळं खाणं म्हणता येणार नाही.

बागेच्या दृष्टीने तिचं येणं फायद्याचंच आहे. गळलेली फळं रोज गोळा करून निदान दीड-दोन फूट खोल पुरली, तर फळमाशीही आटोक्यात राहील आणि घोरपड बांधावर, गडग्यात आपलं खाणं शोधेल. गडग्याचे दगड मात्र सिमेंटने बुजवू नका, तिचा निवारा त्यातच असतो.

प्रश्न : मग खरोखर फळांवर जगणाऱ्या घोरपडी कोणत्या? आणि इतका मोठा प्राणी इतकी वर्षं कुणाच्या नजरेत कसा आला नाही? (पुणे, सांगली आणि बेळगाव इथून तीन पत्रं)

उत्तर : जगात घोरपडींच्या सुमारे 80 जाती आहेत. त्यांतल्या फक्त तीन फळांवर जगतात, आणि तिन्ही फिलिपिन्समध्येच आहेत.

पहिली वॅरॅनस ऑलिव्हेशियस. तिथले लोक तिला बुताआन म्हणतात. लुझॉनचा दक्षिण भाग, पोलिलो आणि कातांदुआनेस ही बेटं हा तिचा मुलूख. रंग हिरवट राखाडी, त्यावर गडद आडवे पट्टे; लांबी पावणेदोन मीटरपर्यंत, वजन नऊ किलोच्या आसपास जातं. तिचं शास्त्रीय नाव 1857 पासून कागदावर आहे, पण त्यानंतरची शंभराहून अधिक वर्षं शास्त्रज्ञांकडे संग्रहालयांतले मोजके जुने नमुने सोडून काहीच नव्हतं. वॉल्टर ऑफेनबर्ग या अमेरिकी संशोधकाने ती जंगलात पुन्हा शोधली आणि 1988 मध्ये तिच्यावर सविस्तर ग्रंथ लिहिला. कोमोडो ड्रॅगन आणि आपली घोरपड यांच्यावरचे मोठे अभ्यासही त्यांचेच.

दुसरी वॅरॅनस मबितांग. ही पानाय बेटावरच्या डोंगरांत राहते आणि जवळजवळ पूर्ण काळी असते. मारेन गाउल्के आणि एबरहार्ड कुरिओ यांनी 2001 मध्ये तिचं वर्णन प्रसिद्ध केलं. फळांबरोबर ती पानंही खाते, त्यामुळे घोरपडींमध्ये ती आणखीच वेगळी ठरते.

तिसरी वॅरॅनस बिटाटावा, 2010 ची. उत्तर लुझॉनच्या सिएरा माद्रे डोंगररांगेत राहणारी, काळ्या अंगावर सोनेरी-पिवळे ठिपके असलेली, दोन मीटरपर्यंत वाढणारी. बुताआनपासून तिचा प्रदेश सुमारे 150 किलोमीटर दूर आहे आणि मधे नद्यांची तीन सखल खोरी आहेत. डोंगरातल्या झाडांवर राहणाऱ्या प्राण्याला ती खोरी ओलांडता येत नसावीत, म्हणून दोन्ही जाती अलग होत गेल्या असा तर्क आहे. दोघी वेगळ्या आहेत हे रंग, जननेंद्रियाची रचना आणि डीएनए या तिन्हींवरून ठरलं.

आता दुसरा भाग. नजरेत आला नाही तो शास्त्रज्ञांच्या. सिएरा माद्रेमधले आग्ता आणि इलोंगोत लोक या प्राण्याला पिढ्यान्‌पिढ्या ओळखत होते, त्याची शिकार करत होते, खात होते. बाहेरच्यांना तो दिसला नाही याचं कारण त्याच्या राहणीत आहे. तो बराचसा काळ उंच झाडांच्या शेंड्यांत नाहीतर ढोलीत काढतो. माणसाची चाहूल लागली की खोडाच्या पलीकडच्या बाजूला सरकतो आणि निश्चल राहतो. मेलेल्या जनावरावर किंवा गावच्या उकिरड्यावर तो येत नाही. त्याच बेटांवर पाणघोरपडीचे भाईबंद आहेत, त्यांना तिथे बायावाक म्हणतात. ते कोंबड्या पळवतात, मासळीबाजारामागे फिरतात, म्हणून सगळ्यांना दिसतात. बुताआन हवी तर फळं धरलेल्या झाडापाशीच जावं लागतं.

प्रश्न : घोरपडीचे दात मांस फाडायचे. चावता येत नसताना फळ पचतं कसं? (मिरज, जीवशास्त्राच्या शिक्षिका)

उत्तर : बुताआनच्या पिल्लाचे दात इतर घोरपडींसारखेच अणकुचीदार आणि मागे वळलेले असतात. वाढ होते तसे नवे येणारे दात बोथट, जाड, खुंट्यांसारखे होत जातात. मोठ्या प्राण्याचा जबडा हातात घेतला तर कडेला बसकी दाढवजा ओळ लागते. ती फळं चावण्यासाठी नाही, कारण सरड्यांच्या जबड्याला आपल्यासारखी आडवी हालचाल नाही. हे दात गोगलगायीचं आणि खेकड्याचं कवच फोडायला कामी येतात, कारण वर्षभर सतत फळं मिळतातच असं नाही आणि फळांच्या खंडात बुताआन याच गोष्टींवर निभावते. पिल्लांच्या आहारात तर फळांपेक्षा असे प्राणीच जास्त असतात.

फळ ती आख्खं गिळते. पोटात गर सुटतो आणि आठोळी जशीच्या तशी विष्ठेतून बाहेर पडते. लहान आणि मोठ्या आतड्याच्या जोडावर तिला चांगला मोठा अंधांत्राचा कप्पा असतो. मांस खाणाऱ्या घोरपडींमध्ये तो नावापुरता असतो. गराचा तंतुमय भाग या कप्प्यात जास्त वेळ थांबतो. इथे एक भेद मुलांना जरूर सांगा. इग्वाना पानांतला सेल्युलोज जंतूंकडून आंबवून घेतो आणि त्यासाठी त्याच्या आतड्यात पडदे पडलेले असतात. बुताआनचा भर मऊ, पिकलेल्या आणि तेलकट गरावर आहे, म्हणून तिचं काम त्याहून कमी यंत्रणेत भागतं.

फळंही ठराविकच लागतात. केवड्याच्या कुळातल्या पँडॅनसची, कॅनॅरियमची आणि फालशाच्या नात्यातल्या मायक्रोकॉसची. कोकणातल्या वाचकाला ही नावं परकी वाटू नयेत. केवडा आपल्या खाडीकाठी आहे, सह्याद्रीतला काळा धूप हा कॅनॅरियमच आहे आणि फालसा, धामण रानोमाळ आहेत. कॅनॅरियमची कठीण आठोळी गिळून ती झाडापासून लांब नेऊन टाकणारे प्राणी फार थोडे असतात. फिलिपिन्सच्या जंगलात हे काम धनेश आणि वटवाघळांबरोबर एक घोरपडही करते. म्हणून ही झाडं तोडली की नुकसान दुहेरी होतं. घोरपडीचं अन्न जातं आणि उरलेल्या झाडांचं बी पसरवणारा एक प्राणी कमी होतो. नुसतं 'जंगल राखलं' म्हणून भागत नाही. वर्षातल्या वेगवेगळ्या महिन्यांत फळणारी जुनी झाडं त्यात आहेत की नाहीत, हे पाहावं लागतं. आमच्या मते या तिन्ही जातींचं भवितव्य यावरच आहे.

शिकारीचा धोका वेगळा आहे. फळं खाणारी म्हणून तिच्या मांसाला वास येत नाही, त्यामुळे बायावाकपेक्षा तिला मागणी जास्त. कुत्री सोडून किंवा फास लावून ती पकडली जाते.

प्रश्न : आम्ही महाविद्यालयाच्या परसातल्या घोरपडींचा आहार अभ्यासायचं ठरवलं आहे. न पकडता हे जमेल का? (सावंतवाडी, पदवीचे विद्यार्थी)

उत्तर : जमेल, आणि न पकडताच करा. बुताआनच्या अभ्यासातूनच हा धडा मिळालेला आहे. ऑफेनबर्ग यांच्या काळात आहार कळावा म्हणून शंभराहून अधिक प्राणी मारून त्यांची पोटं तपासली गेली. पुढे डॅनियल बेनेट यांनी पोलिलो बेटावर तोच प्रश्न विष्ठा, खोडावरच्या नखांच्या खुणा आणि झाडाला बांधलेले कॅमेरे यांच्या आधारे सोडवला. आधीच विरळ असलेल्या प्राण्याच्या बाबतीत दुसरा कोणताही मार्ग आज समर्थनीय नाही.

आधी कागदपत्रं. जागा वनखात्याची असेल तर लेखी परवानगी घ्या, विष्ठा गोळा करण्यासाठीसुद्धा. महाविद्यालयाची असेल तरी परिक्षेत्र वन अधिकाऱ्यांना कळवून ठेवा, कारण प्राणी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मधला आहे.

विष्ठा ओळखण्याची खूण पक्की आहे. घोरपडीची विष्ठा काळपट-तपकिरी, बोटाएवढी जाड आणि तिच्या एका टोकाला खडूसारखा पांढरा गोळा असतो. तो युरिक आम्लाचा, म्हणजे तिचं मूत्रच. आत भुंगेऱ्यांच्या पंखांचे चकचकीत तुकडे दिसतात. जांभूळ, करवंद किंवा भेरली माडाच्या बियांनी भरलेली आणि पांढरा गोळा नसलेली विष्ठा मिळाली, तर ती उदमांजराची धरा. हा घोटाळा होतोच होतो, आणि त्यातूनच 'आमच्याकडची घोरपड फळं खाते' असे अहवाल तयार होतात.

हातमोजे घाला, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला जंतू असतात. प्रत्येक नमुना वेगळ्या कागदी पाकिटात ठेवा, वर तारीख, जागा आणि जवळचं झाड लिहा. प्लास्टिकच्या पिशवीत कोकणातल्या हवेत दोन दिवसांत बुरशी येते. प्रयोगशाळेत पांढरा गोळा काढून उरलेला भाग पाण्यात, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून रात्रभर भिजवा. मग एक मिलिमीटरच्या आणि त्याखाली अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून हलक्या धारेखाली धुवा. नळ जोरात सोडला तर पंखांचे तुकडे मोडतात आणि ओळख पटत नाही. सावलीत वाळवा. त्याच परिसरातले भुंगेरे, गोगलगायी, खेकडे आणि बिया यांचा तुलनेसाठी संच आधीच करून ठेवा. त्याच्याशिवाय अर्धे तुकडे 'अज्ञात' या रकान्यात जातील.

कॅमेऱ्याची गोष्ट जरा खोलात सांगतो, कारण बहुतेक जणांचं इथेच फसतं. जंगलात लावतात ते कॅमेरे हालचाल आणि उष्णता या दोन्हींवर चालतात. आसपासच्यापेक्षा गरम काहीतरी समोरून सरकलं की फोटो निघतो. बिबट्या, साळिंदर यांना हे लागू पडतं. घोरपडीच्या अंगाचं तापमान बहुधा भोवतालच्या खडकाइतकंच असतं, त्यामुळे ती कॅमेऱ्यासमोरून चालत जाते आणि कॅमेरा गप्प राहतो. महिन्याने कार्ड काढलं की त्यात गुरं आणि कुत्री. यावर उपाय म्हणजे ठराविक अंतराने आपोआप फोटो काढण्याची व्यवस्था. सकाळी 7 ते संध्याकाळी 5, दर मिनिटाला एक. दिवसाला 600 फोटो होतात. आठवड्याला 4,200. कार्ड 32 जीबीचं घ्या, दर आठवड्याला बदला आणि फोटो पाहण्याची पाळी लावा. घोरपड दिवसाची, त्यामुळे रात्री कॅमेरा बंद ठेवला की बॅटरी वाचते. कॅमेरा जमिनीपासून फूटभर उंचीवर, उत्तरेकडे तोंड करून बांधा. पूर्व-पश्चिम लावला तर सकाळ-संध्याकाळचे सगळे फोटो उन्हाने पांढरे येतात.

एका ऋतूवर निष्कर्ष काढू नका. पावसाळ्यात खेकडे आणि गोगलगायी, उन्हाळ्यात भुंगेरे असा आहार फिरतो. बारा महिने पुरे झाले तरच 'आहार' हा शब्द वापरा.

प्रश्न : माझ्या मुलाकडे हिरवा इग्वाना आहे. तुमचं टिपण वाचून त्याला रोज आंबा-केळं द्यायला सुरुवात केली. बरोबर ना? (ठाणे)

उत्तर : कृपया थांबवा. इग्वाना हा घोरपडीचा जवळचा नातलग नाही. तो पानं खाणारा सरडा आहे. त्याच्या ताटात 80 ते 90 टक्के हिरवा पाला हवा, फळ दहा टक्क्यांहून कमी. केळ्यात फॉस्फरस कॅल्शियमपेक्षा कितीतरी जास्त असतो. रोजच्या केळ्यावर ठेवलेल्या इग्वानाचं शरीर कॅल्शियमसाठी स्वतःची हाडं झिजवतं. मग जबडा रबरासारखा मऊ होतो, मागचे पाय सुजल्यासारखे दिसतात, पकड सुटते. ही लक्षणं दिसली तर घरगुती उपाय नकोत, सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडेच जा.

शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं आणि फुलं हे आपल्याकडे सहज मिळणारं उत्तम खाद्य आहे. सोबत किसलेला लाल भोपळा आणि घेवडा थोडा. पालक, चुका, चाकवत, अंबाडी यांत ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं. म्हणून या भाज्या कधीतरीच. मांस, अंडी, पनीर अजिबात नको, मूत्रपिंडं जातात. पानांबरोबर यूव्हीबी, म्हणजे उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारा दिवाही लागतोच, नाहीतर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. काचेतून आलेल्या उन्हातून यूव्हीबी गाळला जातो, त्यामुळे खिडकीतलं ऊन त्याची जागा घेत नाही. नळीचा प्रकाश दिसत राहिला तरी यूव्हीबी संपतो, म्हणून बनावटीप्रमाणे सहा ते बारा महिन्यांत ती बदला. शेकायच्या फांदीवर 35 ते 38 अंश सेल्सिअस हवं, दुसऱ्या टोकाला 27 च्या आसपास. पोट गरम झालं नाही तर पाला आंबत नाही, नुसता पडून राहतो.

इग्वाना 'साइट्स' या, वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या परिशिष्ट 2 मध्ये आहे. 2024 च्या नियमांनुसार अशा प्राण्याची नोंद 'परिवेश 2.0' या सरकारी संकेतस्थळावर करावी लागते. केली नसेल तर आधी ते करा.

प्रश्न : घोरपडीचं पिल्लू पाळता येईल का? (नागपूर) घुमट या वाद्याला घोरपडीचंच कातडं लागतं हे खरं का? (फोंडा) 'हत्ताजोडी' घरात ठेवल्याने काही होतं का? (जळगाव)

उत्तर : पिल्लू पाळता येणार नाही. आपली घोरपड वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या अनुसूची 1 मध्ये आहे. पकडणं, पाळणं, मारणं, कातडं-तेल-मांस विकणं हे सगळे गुन्हे. शिक्षा किमान तीन वर्षं, सात वर्षांपर्यंत, वर दंड.

घुमटाला पूर्वी ते कातडं लावत असत, हे खरं. बंदीनंतर गोव्यातले कारागीर बकऱ्याचं कातडं लावू लागले. 2019 मध्ये गोव्याने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली, ती बकऱ्याच्या कातड्याचा वापर रूढ झाल्यावरच. जुन्या नादाची ओढ आम्ही समजू शकतो, पण बकऱ्याच्या कातड्यावरही आरत्या आणि सुवारी उत्तम वाजतात, आणि आज वाजवणारे तीच वाजवतात.

हत्ताजोडी ही झाडाची मुळी म्हणून विकली जाते. प्रत्यक्षात ती नर घोरपडीची वाळवलेली जननेंद्रियं आहेत. एका 'जोडी'मागे एक नर मारलेला असतो. विकत घेऊ नका, घरात असेल तर वनखात्याच्या ताब्यात द्या. सांधेदुखीवर घोरपडीचं तेल चोळण्याचंही तसंच. चरबीने चोळल्यावर जी ऊब वाटते ती तिळाच्या तेलानेही वाटते.

प्रश्न : घोरपड खुराड्यातली अंडी नेते. तिला मारायचं नाही हे मान्य, मग करायचं काय? आणि चावली तर? (वाई)

उत्तर : घोरपड उजेडातच फिरते. म्हणून सकाळी अंडी घातली की दहा-अकराच्या आत उचला, निम्मा प्रश्न सुटतो. कोंबडी रात्रीतून गेली असेल तर घोरपडीला दोष देऊ नका, तो उदमांजर किंवा रानमांजराचा उद्योग असतो. खुराड्याला अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावा. षट्कोनी कोंबडजाळी नखांनी वाकते. घोरपड खणते, म्हणून जाळी जमिनीत फूटभर खाली न्या आणि तळाशी बाहेरच्या बाजूला काटकोनात वाकवा. खणताना नखं त्या आडव्या भागावर अडतात आणि ती नाद सोडते.

घरात शिरली तर एक दार उघडं ठेवा, बाकीची बंद करा, कुत्रा बांधा आणि माणसं बाजूला करा. तासाभरात ती निघून जाते. शेपटी धरून ओढू नका. कोपऱ्यात अडकलेली घोरपड अंग फुगवून घट्ट बसते, शेपटीचा फटका मारते आणि मग चावते. जात नसेल तर वनखात्याचा 1926 हा क्रमांक लावा.

चावल्यास जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी दवाखान्यात जा. घोरपडींच्या जबड्यातल्या ग्रंथींमधून काही विषारी प्रथिनं स्रवतात असं 2006 पासूनच्या संशोधनातून पुढे आलं आहे, पण सर्पदंशावरची लस इथे कामाची नाही. रेबीज सस्तन प्राण्यांचा रोग आहे, घोरपडीपासून तो होत नाही.

प्रश्न : बांध सपाट करताना वारूळ फुटलं आणि वीसेक पांढरी, चामड्यासारखी अंडी निघाली. परत पुरली. जगतील का? (संगमनेर)

उत्तर : घोरपडीचीच असणार. ती पावसाळ्याच्या सुमारास वारुळात अंडी घालते, कारण आतला ओलावा आणि ऊब बराच काळ टिकून राहते. पिल्लं बाहेर यायला पाच-सहा महिने, कधी आठही लागतात. जगणं-न जगणं तुम्ही अंडी कशी पुरलीत यावर आहे. पक्ष्याचं अंडं उलटलं तरी चालतं, सरड्याच्या अंड्यात गर्भ वरच्या कवचाला चिकटतो आणि अंडं फिरलं की तो गुदमरतो. पुन्हा असं झालं तर आधी काम थांबवा. अंडं उचलण्याआधी वरच्या बाजूला पेन्सिलने खूण करा, ती बाजू वरच ठेवून वारुळाच्याच मातीत, फूटभर खोल ठेवा आणि 1926 वर कळवा. शाईचं पेन नको, रंग कवचातून आत झिरपतो. अंडी धुऊ नका. फुटलेल्या वारुळावर ओली माती लिंपून दोन पावलांचा भाग नांगरटीतून वगळा, वाळवी उरलेली डागडुजी स्वतः करते.